बंदीतली रात्रीची जेवणं: यंदा आंबटाचा अभ्यास

पावसाळी मासेमारी बंदी लागली, 1 जूनला गोव्यातले ट्रॉलर धक्क्याला लागले, ते 31 जुलैपर्यंत हलायचे नाहीत. या दोन महिन्यांत फोंड्याच्या बाजारात मासळी म्हणून जे मिळतं ते खाडीतलं, मानशीतलं (खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दारातलं), सुकं, नाहीतर बर्फातलं. बर्फातलं मी घेत नाही. घरी रात्रीचं जेवण माझ्याकडे असतं, आणि खरं सांगायचं तर मला रांधायला मजा येते ती याच दिवसांत. बांगडा-इसवण (सुरमई) समोर असला की डोकं चालवावं लागत नाही.

यंदा ठरवलं की हुमणाचा, म्हणजे मासळीच्या खोबऱ्यातल्या कालवणाचा, रोस तोच ठेवायचा आणि फक्त आंबट बदलत जायचं. नारळ किती, मिरची कुठली यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. हुमण तरतं किंवा बुडतं ते आंबटावर, असं माझं मत आहे.

रोस असा: अर्धा नारळ, खोल्याच्या सुक्या मिरच्या सहा-सात, चमचाभर धणे, हळद. काणकोणकडच्या या मिरचीला 2019 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. रंग झक्क येतो आणि तिखटपणा घशाला लागत नाही. मिरच्या कोमट पाण्यात भिजवून आधी धण्यांबरोबर वाटायच्या, मग खोबरं. मिक्सरला थांबून थांबून विश्रांती द्यायची, भांडं तापलं की खोबऱ्याला तेल सुटतं आणि रोस फुटल्यासारखा दिसतो. दोन बोटांत चोळून कणी लागली नाही की झालं. भांडं धुतलेलं पाणी टाकायचं नाही, तोच पातळ रोस.

पहिली मानशीतली सुंगटां, म्हणजे कोळंबी. बारीक, पातळ सालीची, गोडसर. सुंगटांना तिरफळ नाही, कांदा. सोलां (आमसुलं) घालणार होतो तर नुस्तेकान्न, म्हणजे मासळीवाली, म्हणाली, "पुता, सुंगटांक सोलां नाकात, बिंबलां घाल." सोलां नकोत, आंबट बिंबली घाल. शेजारच्या मावशींच्या परसात झाड लगडलेलं आहेच. पाच बिंबलं उभी चिरून कांद्याबरोबर पातळ रोसात मऊ होऊ दिली, मग जाड रोस, एक उकळी, आणि शेवटच्या तीन-चार मिनिटांसाठी सुंगटां. फरक पहिल्याच घासाला कळला. बिंबलाचं आंबट सरळ जिभेवर येतं आणि लगेच निघून जातं, मागे सुंगटाची गोडी उरते. सोलांचं आंबट रेंगाळतं, रंगही काळपट करतं. म्हातारीचं बरोबर होतं. एकच: बिंबलाला पाणी सुटतं, तेव्हा रोस नेहमीपेक्षा घट्ट ठेवा.

मग शेवटे, म्हणजे बोय मासे. खाडीच्या माशाला चिखलाचा वास असतो, कुणी काही म्हणो. तिथे तिरफळ आणि सोलां यांना पर्याय नाही. तिरफळातली काळी बी काढून टाकायची, ती कडू. नुसती टरफलं खलबत्त्यात दोन ठोके देऊन उकळत्या रोसात सोडायची. काही घरांत ती रोसाबरोबर वाटतात, मला ते औषधासारखं लागतं. अर्ध्या नारळाला सात-आठ टरफलं, चार सोलां. सोलांना मीठ लावलेलं असतं, म्हणून मीठ सगळ्यात शेवटी चव बघूनच. मासे पडल्यावर डाव घालायचा नाही, कुंडलं (मातीचं भांडं) दोन्ही हातांनी धरून गोल फिरवायचं.

या शेवट्याच्या हुमणातून एक उपयोगी गोष्ट हाती लागली. उरलेलं ठेवताना अर्ध्यातली सोलां काढून टाकली, अर्ध्यात तशीच राहू दिली. सकाळी दोन्ही आटवली. सोलां राहिलेली कालची कडी पेजेबरोबर छान, पण पावाला फार आंबट. काढलेली पावाला अगदी नेमकी. तेव्हा उद्या काय खाणार ते आज रात्रीच ठरवा.

मधल्या काही रात्री फार लिहिण्यासारख्या नाहीत. एकदा मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची खोबऱ्यातली उसळ). एकदा डाळ-भात आणि सुक्या सुंगटांची किसमूर: सुंगटां भाजून, कांदा, ओलं खोबरं, चिंचेचा कोळ, वरून कच्चं खोबरेल. दहा मिनिटांचं काम. यात चिंचच पाहिजे. सोलाचा तुकडा दाताखाली आला की कुरकुरीतपणाची मजा जाते.

सोमवारी घरात शिवराक, म्हणजे शाकाहारी. तायखिळ्याची (टाकळ्याची) कोवळी पानं, फणसाची भिकणां (आठळ्या), खोबरं, हिरवी मिरची. आंबट शून्य, आणि घालूही नका, तायखिळ्याचा स्वतःचा कडवट वास मरतो. तेऱ्याचं, म्हणजे रानअळूचं, नेमकं उलट. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशात टोचतात, म्हणून आंबट तिथे चवीपुरतं नसतं. ओटांब या आंबट फळाची सुकी कापं घालून पानं चांगली गळेपर्यंत शिजवली. ओटांबाचं आंबट जरा तुरट, मातकट. माशात मला ते आवडलं नव्हतं, तेऱ्यात मात्र असं बसलं की घरच्यांनी भात परत मागून घेतला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ही कापं मिळतात, काळी पडलेली घेऊ नका.

रोयणीवरची (वारुळावरची) अळमी, म्हणजे अळंबी, रस्त्याकडेला दिसली. भाव ऐकून हात जोडले. बाजारातली बटण अळमी आणून तोणाक केलं, भाजलेल्या खोबऱ्याचं कालवण. आंबट म्हणून एकच सोल, तेही उकळी आल्यावर पाच मिनिटांनी बाहेर. भाजलेल्या खोबऱ्याला आंबट जास्त सोसत नाही. तेवढ्यात पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला, उंडे (गोल पाव) गरम होते, त्या रात्री भात लावलाच नाही.

आता बंदी उठायला थोडे दिवस आहेत. पहिले बांगडे आले की उड्डमेथी (उडीद-मेथीचं कालवण) करणार, श्रावण आड आला तर अननसाची. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुमाराला आंबाडे, ही आंबट फळं, तयार होतील, मग तीच आंबाड्यांची. त्यातली मेथी मला अजून नीट बसत नाही: पाव चमच्याला वास येत नाही, अर्ध्याला कडू होते. मेथी तेलात किती रंगावर काढायची, आणि उडदाच्या आधी की नंतर? तुमच्या घरी कसं करतात ते मापासकट सांगा.