आमचा पहिला दिवाळसण कोरडा गेला नाही

"तुमच्याकडे कोणी गेलं का?" असं शेजारच्या दारातल्या आजींनी खालून, रस्त्यावरून विचारलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, लग्नानंतरची पहिली दिवाळी, मी नवीन साडी नेसून बाल्कनीच्या कठड्यापाशी पणत्या लावतेय आणि हा प्रश्न! आपल्याकडे कोणी असं विचारलं असतं तर घरातल्या बायकांनी तिथल्या तिथे कान उपटले असते.

पण आजींची काही चूक नव्हती. 2024 चं लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आलं होतं आणि तोच दिवस इथे जर्मनीत कॅथलिक लोकांचा ऑल सेंट्स डे, आमच्या बव्हेरिया राज्यात त्याची सरकारी सुट्टी असते. लोक घरच्यांच्या कबरी साफ करतात, फुलं ठेवतात, लाल डब्यातल्या मेणबत्त्या लावून येतात. आजीही तिकडूनच परत येत होत्या, त्यामुळे त्या संध्याकाळी ओळीने दिवे दिसले म्हणजे घरात कोणीतरी गेलंय असंच त्यांना वाटलं. मी जेमतेम येणाऱ्या जर्मनमध्ये सांगितलं की नाही नाही, आमचा सगळ्यात मोठा सण आहे, वर या. आणि त्या खरंच आल्या. अंगातला कोटसुद्धा न काढता खुर्चीवर बसल्या, चकली हातात धरून फिरवून फिरवून बघितली आणि एवढे काटे हाताने काढले का म्हणून विचारलं. मग मी सोऱ्या आणला, चकलीची ताटली काढून दाखवली, त्यातल्या चांदणीला त्यांनी बोट लावून बघितलं. तीन दिवसांपूर्वी धनत्रयोदशीला आम्ही दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी दिवा लावला होता तेही सांगितलं, म्हणजे तुमचं तसं अगदी चुकलं नाही आजी. दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, सफरचंदाचा केक घेऊन त्या दारात हजर, आणि नवऱ्याला ओवाळून झालं होतं तरी त्यांच्यासमोर मी परत ओवाळलं कारण त्यांना ते बघायचं होतं.

हे सगळं सविस्तर लिहितेय कारण मावशीचा फोन आला होता, "बिचारे गं, पहिला दिवाळसण अगदीच कोरडा गेला तुमचा." फार लागलं मला ते. फराळ, आकाशकंदील, रांगोळी, अभ्यंगस्नान सगळं केलं आम्ही, तेही 31 ऑक्टोबरला नवऱ्याचं ऑफिस असताना पहाटे उठून, उटणं लावून. सूर्य इथे त्या दिवसांत पाचच्या सुमारास मावळतो म्हणून पूजा इथल्या प्रदोषकाळी केली, पुण्याच्या वेळेनुसार नाही, तेव्हा तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि घरच्यांची पूजा, जेवणं सगळं आटपलं होतं. व्हिडिओ कॉलवर आई दिसली तेव्हा रडू आलं हे खरं, पण रडू आलं म्हणजे सण कोरडा गेला असं होत नाही. माझ्या मैत्रिणीचा पहिला दिवाळसण पुण्यातच झाला, पाहुणे वाढता वाढता तिला स्वतःच्या ताटावर बसायला दुपारचे चार वाजले आणि जावयाला घड्याळ कुठलं दिलं यावरून रुसवे झाले ते वेगळंच. आमच्याकडे मानपान नव्हता, आम्ही दोघं एकत्र जेवलो.

आता राग कशाचा आला ते लिहिते. फटाक्यांचा. इथे रात्री 10 नंतर शांतता पाळायची, रविवारी दिवसभर पाळायची, ड्रिल मशीन लावायचं नाही, काचेच्या बाटल्या टाकायच्या नाहीत, आणि 1 नोव्हेंबर तर बव्हेरियात कायद्यानेच शांत दिवस, पहाटे 2 पासून मध्यरात्रीपर्यंत नाचगाण्याचे कार्यक्रम बंद. मला हे आवडतं, मनापासून आवडतं, पुण्यात आमच्या गल्लीत मंडपाच्या स्पीकरने आजोबांना झोप लागायची नाही ते मी बघितलंय. फुलबाज्यांना वर्षभर परवानगी असते तरी आम्ही त्याही आणल्या नाहीत, त्या दिवसाचा मान म्हणून. पण 31 डिसेंबर! साध्या माणसाला मोठे फटाके डिसेंबरच्या शेवटच्या तीन दिवसांतच विकत मिळतात आणि उडवायला 31 डिसेंबर आणि 1 जानेवारी हे दोनच दिवस, मग वर्षभराची सगळी शांतता त्या एका रात्रीत फुटते. आमच्या चौकात लोक बाटल्यांत रॉकेट लावून उडवत होते, सकाळी फुटपाथवर लाल कागदांचा थर. नवरा म्हणतो, त्यांचा सण आहे, त्यांचा देश आहे, वर्षातून एक रात्र चालायचंच. पटतं मला. तरीही ज्या शांततेचा मान राखून आपण दिवाळीत साधी फुलबाजी पेटवली नाही तिचा नियम त्यांच्या सणाला एवढा सैल होतो हे डोळ्यांनी बघितल्यावर वाईट वाटतंच, आणि ते वाटू नये असं मला कोणी सांगू नये.

मायाही याच लोकांनी केली हेही तितकंच खरं. जिन्यात चपला ठेवायच्या नाहीत, आग लागली तर वाट मोकळी हवी, अशी नोटीसच लागलेली आहे, त्यामुळे आमचे सगळे बूट घरात. 5 डिसेंबरला संध्याकाळी आजींनी बेल वाजवून सांगितलं की आज एकेक बूट बाहेर ठेवा, आज चालतं. 6 तारखेला सकाळी दार उघडलं तर दोन्ही बुटांत संत्री, अक्रोड आणि चॉकलेटचा सेंट निकोलाउस, हा त्या संताचा दिवस. हे लहान मुलांसाठी करतात, आम्ही दोघं नोकरीची वयं झालेली माणसं! सासरी-माहेरी कौतुक करून घ्यायचं वर्ष होतं ते आणि कौतुक कोणी केलं तर आजींनी.

संक्रांतीला सासूबाईंनी हलव्याचे दागिने पार्सलने पाठवले होते. 45 युरोपर्यंतच्या घरगुती भेटीवर कस्टम ड्यूटी लागत नाही म्हणून त्यांनी पैठणी मागे ठेवली आणि नुसते दागिने, काळी साडी आणि तिळगूळ पाठवला. मुकुटाची एक कडा फुटली होती, ती बाजू केसांत लपवली आणि फोटो काढले.

गुढीपाडवा 30 मार्चला, नेमका रविवार आणि नेमकी त्याच पहाटे घड्याळं एक तास पुढे गेली. दुकानं बंद म्हणून काठी शनिवारीच आणून ठेवलेली, कडुनिंब काही मिळाला नाही. गुढी बाल्कनीच्या आतल्या बाजूने बांधली, बाहेर काही लटकवायचं नाही असा बिल्डिंगचा नियम आहे. इथे मात्र मला पुण्याची फार आठवण आली, कारण गुढी उंच हवी, रस्त्यावरून दिसायला हवी.

परवा 10 जूनला वटपौर्णिमा झाली, कागदावर वड काढून पूजा केली, म्हणजे वर्षातलं एवढंच राहिलं होतं तेही झालं. पुढच्या वर्षी, 2026 मध्ये, 17 मे ते 15 जून अधिक महिना आहे, धोंड्याचा महिना. बाबांनी जावयाला आत्ताच बोलावणं केलंय, त्यामुळे सुट्टी साठवून ठेवलीये आणि तिकिटं बघायला सुरुवात केलीये. तेहतीस अनारसे, जावयाचा मान, माझी ओटी, जे काय असेल ते सगळं करा म्हणून आईला सांगितलंय. मी हात लावणार नाहीये कशाला, नुसती पाटावर बसणार आहे.