उजव्या सीटवरून

बुधवार, रात्र

मी परीक्षक, आणि प्रायव्हेट पायलटच्या परीक्षेचा आजचा उमेदवार तोंडाचा फटकळ निघाला. जमिनीवरच्या तोंडी परीक्षेतच सूर चढा होता, पण तिकडे मी काणाडोळा केला. हवेत स्टीप टर्नला, म्हणजे विमान बरंच कलवून घेतलेल्या वळणाला, ४५ अंशांचं बँक (कल) त्याने नीट धरलं, पण नाक खाली गेलं. प्रायव्हेट पायलटला एफएएची (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाची) मुभा उंचीत १०० फूट वर-खाली एवढीच. हा दोनशे फुटांहूनही जास्त खाली घसरला, आणि सावरायचं नावच नाही. मी तिथल्या तिथे सांगितलं, हा भाग नापास. पुढचे भाग द्यायचे की इथेच थांबायचं, ते तू ठरव.

मग हेडसेटमध्ये जे सुरू झालं! मुद्दाम नापास करता, पुन्हा फी उकळायचा धंदा आहे, तुम्हाला तरी विमान येतं का... बाकीचं लिहीत नाही.

गंमत म्हणजे नियमाने त्या वेळी पायलट-इन-कमांड तोच. परीक्षकाने आधी कबूल केल्याशिवाय ती जबाबदारी परीक्षकाकडे येत नाही. शिव्या घालणारा माणूसच माझा कॅप्टन! खाली असते तर खुर्ची सरकवून उठले असते. इथे उठून जायचं कुठे?

उलट उत्तर दिलं नाही. "परत फिरू. चेकलिस्ट घे. उजवीकडे ट्रॅफिक आहे." एवढंच. लक्ष त्याच्या हातांवर. योकवरची, म्हणजे विमान वळवायच्या दांड्यावरची, मूठ आवळलेली होती, पण थ्रॉटल सावकाश मागे येत होता. राग हातांत उतरला असता, तर 'माय कंट्रोल्स' म्हणून विमान ताब्यात घेतलं असतं. उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये ते ठरलेलंच असतं.

काही सहकारी म्हणतात, असल्या माणसाला वृत्तीवरच नापास करावं. मला नाही पटत. उद्धटपणाने उडवण्यात गफलत झाली, तर ती गफलत नोंदवावी. नुसत्या शिवीला रकाना नाही. अंगावर धावून आला असता तर गोष्ट वेगळी. मग थेट एफएएच्या कार्यालयाला कळवलं असतं.

खाली आल्यावर त्याच्या इन्स्ट्रक्टरला बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोरच डीब्रीफिंग केलं, म्हणजे काय चुकलं ते सांगितलं. एकटीने अशा माणसाशी बोलू नये. कागदावर नापासाचं कारण फक्त स्टीप टर्न. इन्स्ट्रक्टरचा चेहरा पाहून त्याचीच जास्त कीव आली.

६० दिवसांत आला तर पास झालेले भाग पुन्हा द्यावे लागणार नाहीत. दुसरा परीक्षक घ्यायचीही मुभा आहे. त्याने ती घेतली तर मला अजिबात वाईट वाटणार नाही.