व्हर्जिनियातील आमच्या जमिनीचे ‘कॉन्झर्वेशन ईझमेंट’: माझा अनुभव

व्हर्जिनियात ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या कुरणाच्या जमिनीचे पुढेमागे प्लॉट पडू नयेत, म्हणून आम्ही पतीपत्नींनी एका लँड ट्रस्टला (जमिनी राखण्याचे काम करणाऱ्या संस्थेला) ‘कॉन्झर्वेशन ईझमेंट’ (जमिनीच्या वापरावर कायमची बंधने घालणारा करार) लिहून दिले. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढावा, तसा हा दस्त काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, दप्तरी नोंदवला जातो. मालकी आमचीच राहते, जमीन विकताही येते. पण तुकडे पाडण्याचा जो हक्क आम्ही सोडला, तो पुढच्या कोणत्याही मालकाला वापरता येत नाही.

ओळखीच्या मंडळींत चर्चा होते ती करसवलतीची. दान दिलेल्या हक्काच्या मूल्याच्या ४० टक्के इतके क्रेडिट, म्हणजे राज्याच्या आयकरात थेट सूट, राज्य देते खरे, परंतु त्यामुळे संघराज्याच्या आयकरातील वजावट कमी होते, हे आमच्या करसल्लागाराने आधीच बजावले होते. खरा वेळ गेला तो नियोजनाच्या मुद्द्यावर. या राज्याच्या कायद्यानुसार असे ईझमेंट काउंटीच्या सर्वंकष आराखड्याशी सुसंगत नसेल, तर ते वैधच ठरत नाही. नियोजन विभागातील बाईंनी टेबलावर नकाशा पसरला आणि भावी वस्तीच्या क्षेत्राची हद्द बोटाने दाखवली. ती आमच्या गोठ्यामागून जात होती, म्हणजे रस्त्यालगतचा सगळा पट्टा वस्तीत. बांधकामाचा धोका जिथे सर्वाधिक, नेमका तोच भाग ईझमेंटबाहेर ठेवायचा, हे यजमानांना पटेना. मला मात्र वस्ती कुठे वाढावी हे गावाने मिळून ठरवणेच रास्त वाटते. अखेर मोजणी करून तो पट्टा वगळला.

जमीन बँकेकडे गहाण होती. कर्ज थकून लिलाव झाला तरी ईझमेंट टिकावे, यासाठी बँकेकडून तिचा हक्क दुय्यम असल्याचे लिहून घ्यावे लागले, आणि त्या एका सहीने आमची सर्वाधिक दमछाक केली.

मसुद्यावर मात्र सावकाश भांडावे, कारण दस्त कायमचा असतो. ओढ्याकाठचा ३५ फुटांचा पट्टा नांगरायचा नाही, हे आम्ही लगेच मान्य केले. ‘शेतीची इमारत’ कशाला म्हणायचे यावर वकिलांची पत्रे बराच काळ फिरत राहिली. शेवटी नवा गोठा किती चौरस फुटांपर्यंत परवानगीविना बांधता येईल, हे आकड्यानिशी लिहून घेतले. आता ट्रस्टचे प्रतिनिधी दरवर्षी येतात आणि करारावेळच्या छायाचित्रांशी जमीन ताडून पाहतात.