मामाचं एकच म्हणणं, हा थांबत काहून नाही?

दिवाळी झाल्यावर मामाकडं गेलो होतो, गडचिरोलीतल्या वडशाच्या जवळ. धान कापून पुंजणे रचून ठेवले होते, चुरणं म्हणजे मळणी बाकी होती, म्हणून रात्री जागल. आता जागलीला काय करायचं तर मोबाईल. नेटवर्क तिथं एकाच बांधावर येते, तर आम्ही त्या बांधावर घोंगडं टाकून बसलो आणि मी लावला 'गुळाचा गणपती', १९५३ चा पुलंचा सिनेमा. म्हटलं मामाला आवडंल.

मामाला का, तर मामा झाडीपट्टीतला जुना कलाकार. तीसेक वर्षं नाटकं केली त्यानं. दोनशे पानी वहीत लिहायचा स्वतः, बसवायचा स्वतः आणि त्यातला विनोदी गडी पण स्वतःच व्हायचा. बाहेरच्यांना सांगतो, आमच्याकडं चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळी ते होळी नाटकांचा सीझन असतो, मंडई म्हणजे गावची जत्रा असो का शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक पायजेच, आणि ते दहाला सुरू झालं की कोंबडं आरवेपर्यंत चालते. तालमी कमी, त्यामुळं समोर वाक्यं सांगायला प्रॉम्प्टर बसलेला. परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री मिळाली, तेही याच झाडीपट्टीचे विनोदी नट, तेव्हा मामानं गावभर पेढे वाटले होते, जशी काही यालाच मिळाली.

तर सिनेमा. यात कथा पुलंची, पटकथा-संवाद पुलंचे, डायरेक्शन पुलंचं, संगीत पुलंचं आणि भोळाभाबडा नाऱ्या पण पुलंच. 'सबकुछ पु. ल.' म्हणतात ते याच सिनेमामुळं. मामा म्हणाला, "यात काय नवल बाप्पा, आपल्याकडं सारेच असं करतेत." म्हटलं ठीक आहे. 'इंद्रायणी काठी' लागलं तेव्हा मात्र तो गप्प बसला, भीमसेन जोशींचा आवाज, रिकामं शेत, थंडी. मी पण काही बोललो नाही.

पण विनोदी सीन आला की तो चुळबुळ करायचा. तिसऱ्यांदा झाल्यावर मी विचारलं काय झालं, तर म्हणे, "मानूस लाखाचा आहे गा. पन थांबत काहून नाही तो? हसाले जागाच देत नाही."

मामाचं काम मी बघितलेलं आहे म्हणून मला लगेच कळलं. मामाचा एक सीन होता, मालकाच्या बायकोनं पाणी मागितलं की हा लोटा घेऊन यायचा आणि द्यायच्या ऐवजी स्वतःच प्यायचा. एवढंच. पण लोटा तोंडाला लावायच्या आधी तो पब्लिककडं बघायचा. बायका हसायला लागायच्या, मग मागच्या पोट्ट्यांच्या शिट्ट्या, मग बायका परत, कारण पोट्टे हसले म्हणून. ते पूर्ण खाली येईपर्यंत लोटा हवेत. एका गावात प्रॉम्प्टरला वाटलं हा वाक्य विसरला, त्यानं खालून जोरात सांगितलं तर पब्लिक आणखी हसलं, तेव्हापासून ते पण सीनमध्येच घेतलं.

आता कॅमेऱ्यासमोर कोणासाठी थांबणार? हसणारा माणूस थिएटरात, काही महिन्यांनी. मला वाटते पुलंची सिनेमात हीच अडचण झाली असंल. तसे ते सिनेमात नवखे नव्हते, १९४७ च्या 'कुबेर'पासून अॅक्टिंग, लेखन, संगीत सगळं चालू होतं ('नाच रे मोरा'ची चाल पण त्यांचीच, त्याच १९५३ च्या 'देवबाप्पा'तली). नाटकं पण सोबत सुरू होती, १९४८ चं 'तुका म्हणे आता' काही चाललं नाही, १९५२ चा 'अंमलदार' चालला, तो गोगोलच्या नाटकावरून केलेला. आणि मग 'गुळाचा गणपती'नंतर सिनेमा जवळपास सोडूनच दिला, रेडिओत गेले, १९५७ ला 'तुझे आहे तुजपाशी' आलं. लोकं हळहळतात की मराठी सिनेमाचं नुकसान झालं. झालं असंल. मी काही हळहळत नाही, कारण १९६१ ला 'बटाट्याची चाळ' स्टेजवर आली, पुलंचा एकपात्री प्रयोग.

हे मामाला सांगितलं तर तो उठूनच बसला.

"एकटाच?"

"हो, एकटेच. अख्खी चाळ."

"अन् प्रॉम्प्टर?"

"तुमी बी मामा... एकटा म्हणजे एकटा."

त्याला ते काही पटेना. शेकोटीत दोन काड्या सारल्या, बिडी पेटवली. मग म्हणे लाव. रेकॉर्डिंग आहे ना त्याचं, शोधलं, पण बफरिंग सुरू, चार्जिंग चौदा टक्के. मी मोबाईल उंच धरून उभा राहिलो तेव्हा कुठं चालू झालं. हात दुखायला लागला पण सांगू कोणाला.

मामा स्क्रीनकडं कमी आणि खाली जास्त बघत होता. ऐकत होता. एक वाक्य झालं, पब्लिक हसलं. दुसरं झालं, आणखी हसलं. मग पुलं बोलता बोलता एका शब्दावर आले आणि मामानं बिडीवाला हात वर केला, मला गप्प करतात तसा, मी तर बोलतच नव्हतो.

"आता थांबते पाह्य," तो म्हणाला.

आणि थांबले.