आता येतंय, ऐक!

एका मुलाने गिटारीवर गाणं वाजवल्याचा तो व्हिडिओ चार मिनिटं बारा सेकंदांचा होता. मैत्रिणीला पाठवला तेव्हा पावणेतीन वाजले होते, आणि तिचा अंगठा आला तेव्हाही पावणेतीनच. अंगठ्यामागोमाग दोन टाळ्या, एक 'व्वा!' आणि फुलांचा गुच्छ. एवढ्या वेळात तर त्या मुलाचा कॅपोसुद्धा, म्हणजे गिटारीच्या मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा, नीट बसला नव्हता.

तिचं काही चुकलं असं नाही. दुपारी माणसं लग्नाच्या पत्रिकेला, कोणाच्या नातवाच्या फोटोला आणि गिटारीला सारखाच अंगठा देतात आणि कूस बदलून झोपतात. पण माझी आपली एक खोड आहे. आवडलेलं वाजवणं दुसऱ्या कोणाला ऐकवल्याशिवाय ते माझं पुरतं ऐकून होत नाही. त्यामुळे मी पाठवत राहते. ऑफिसातल्यांना, नणंदेला, जुन्या शेजारणीला. एकीने तर मला मध्येच विचारलं होतं, 'गिटारचे क्लास काढलेस का गं?'

तर तो मुलगा. मुलगा म्हणजे गळ्यापासून गुडघ्यापर्यंतच; अशा व्हिडिओंत चेहरा दाखवायची पद्धत नसते. मागे लोखंडी कपाट, कपाटावर सुटकेस. आणि वाजवत होता 'सुन्या सुन्या मैफलीत माझ्या'. 1982 च्या 'उंबरठा'मधलं, हृदयनाथांची चाल, लताबाईंचा आवाज आणि शब्द आपल्या सुरेश भटांचे. 'आपल्या' म्हटलं की अमरावतीकर लगेच हरकत घेतात, कारण जन्म त्यांच्या गावचा. असू द्या. राहिले नागपुरात, गेले नागपुरात, आणि रेशीमबागेत त्यांच्या नावाचं सभागृह आहे तेही नागपुरातच.

आता भटांच्या गाण्यातून शब्दच काढून घेतले तर उरलं काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. मलाही पडतो, पण व्हिडिओ सुरू होईपर्यंतच. पहिली ओळ तारेवर आली की दुसरी ओळ माझ्या डोक्यात आपोआप हजर. तो नुसता वाजवतो, म्हणत असते मी. आणि माझ्या डोक्यातला माझा आवाज, सांगायला हरकत नाही, फार सुरेख आहे.

हे वळण मला रेडिओने लावलं. सकाळी बातम्यांच्या आधी तीन-चार मिनिटं उरली की आकाशवाणी वाद्यसंगीत लावून द्यायची. सिनेमाचीच गाणी, पण गाणारं कोणी नाही. कधी एनॉक डॅनियल्सचं अकॉर्डियन, कधी व्हॅन शिपले, कधी सुनील गांगुलींची गिटार. त्याला कव्हर म्हणतात हे तेव्हा कोणाला माहीत होतं! आमच्याकडे ती ओळखायची स्पर्धाच असायची. बाबा अर्ध्या गालाला साबण लावून, वस्तरा हवेत धरून उभे राहायचे. 'थांबा, कोणी बोलू नका. आलंच.' आईला पहिल्या तीन सुरांत कळायचं, पण गाणं तिला कधी नावाने आठवायचं नाही. ती पोळी लाटता लाटता म्हणायची, 'ते नाही का, त्यात वहिदा झाडाखाली उभी राहते.' बाबा चिडायचे. वहिदा कुठल्या सिनेमात झाडाखाली उभी राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग ध्रुवपद संपून अंतऱ्याच्या तोंडाशी गाणं येई, आणि नेमकं तिथेच कापलं जाई. टूं टूं टूं, आणि बातम्या. बाबांचा राग मग निवेदकावर. उरलेलं गाणं बाबा मोरीत तोंड धुताना पूर्ण करत, आणि पाण्यामुळे त्यातले शब्द कळत नसत. म्हणजे तेही वाद्यसंगीतच.

रेडिओवरची ती गिटार वेगळी होती, हे फार पुढे समजलं. मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून घसरवायची. ही युक्ती हवाई बेटांवरची, जोसेफ केकुकू नावाच्या मुलाची म्हणतात. आपल्याकडे ती इतकी रुजली याचं कारण उघड आहे. उभ्या धरायच्या गिटारीवर पडदे, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, घट्ट ठोकलेले असतात. सा तो सा आणि रे तो रे, मधल्या गल्लीबोळांत शिरायची सोय फारशी नाही. कांडी मात्र कुठेही थांबते, कुठूनही घसरते. म्हणजे मींड आली आणि मींड आली की आपण आलो. ब्रिजभूषण काब्रांनी याच आडव्या गिटारीवर राग वाजवले. 1967 साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांची जी रेकॉर्ड निघाली, ती अजून लोक जपून ठेवतात. विश्वमोहन भट्टांनी तिला आणखी तारा चढवून मोहनवीणा केली आणि 1994 मध्ये ग्रॅमी घेऊन आले.

उभी धरणाऱ्यांची अडचण निराळी. गळा सूर धरून ठेवू शकतो. गिटारीची तार छेडली, की त्याच क्षणापासून आवाज विझायला लागतो. लताबाई जिथे एक सूर लांबवतात, तिथे या मुलाकडे काहीच नसतं. मग तो ती रिकामी जागा भरतो. अंगठ्याने खालच्या तारांवर खर्ज चालू ठेवतो, मधल्या बोटांनी थोडी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे दोन-तीन सूर, सोडतो, आणि करंगळीकडच्या तारेवर चाल. एकट्याच्या दोन हातांत तीन माणसं. माझं सगळं प्रेम या भरण्यावर आहे. चाल तर कोणीही वाजवतो. लांबलेल्या सुराचं काय केलंस ते दाखव, म्हणजे सांगते तू कसा आहेस.

अंगठ्याने ठेका आणि बोटांनी चाल ही रीत अमेरिकेतल्या केंटकीकडची. मर्ल ट्रॅव्हिस तिथला. तो अंगठा आणि तर्जनी, एवढ्यावरच सगळं भागवायचा. चेट ॲटकिन्सने पोरवयात त्याला रेडिओवर ऐकलं. पाहायला मिळालं नाही. एवढं सगळं दोन बोटांत होतं हे त्याच्या मनातही आलं नाही, म्हणून त्याने आणखी बोटं कामाला लावली आणि त्यातून स्वतःचीच शैली तयार केली. पुढे ऑस्ट्रेलियात टॉमी इमॅन्युएल नावाच्या सात वर्षांच्या मुलाने ॲटकिन्सला ऐकलं, तेही रेडिओवरच. या माणसाला आजही स्वरलिपी वाचता येत नाही, आणि 1999 मध्ये खुद्द ॲटकिन्सने त्याला आपली 'सर्टिफाइड गिटार प्लेअर' ही पदवी दिली. थोड्याच लोकांना मिळाली ती. तो बीटल्सची गाणी एका गिटारीवर वाजवतो ना, तेव्हा बासवाला कुठे लपलाय हे मी अजून शोधते.

ही माहिती माझी नाही, भाच्याची आहे. तो मेकॅनिकलला आहे, म्हणजे गिटार वाजवतो. संध्याकाळी फुटाळा तलावावर पोरं गोल करून बसतात, त्यात हाही. तिथे सगळ्यांचं 'नीले नीले अंबर पर' वाजवून झालेलं असतं. कोणाची तरी ओळख झालेली असते किंवा मोडलेली असते.

मे महिन्यात मात्र त्याची गिटार घराबाहेर पडत नाही. नागपूरची हवा तेव्हा इतकी कोरडी होते की लाकूड आकसतं. फ्रेटबोर्ड, म्हणजे पडदे ठोकलेली मानेवरची फळी, आकसतो, पण त्यातल्या धातूच्या पट्ट्या काही आकसत नाहीत. मग त्यांची टोकं कडेने बाहेर येतात आणि हात सरकवला की बोचतात. पुढची फळी फुटायचीही भीती असते. चांगल्या गिटारीला हवेत पंचेचाळीस-पन्नास टक्के ओल लागते म्हणे, आणि आमच्याकडे मेच्या दुपारी ती विसाच्याही खाली जाते. म्हणून भाच्याने साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला स्पंज ठेवलाय आणि ती डबी गिटारीच्या पेटीत. रोज सकाळी स्पंज ओला करतो. घरातल्या तुळशीला पाणी घाल म्हटलं तर त्याला वेळ नसतो.

माझं आणि त्याचं एकाच गोष्टीवरून वाजतं. त्याला गिटार बडवणारे आवडतात. 2006 च्या सुमाराला अँडी मॅकी नावाच्या एका धिप्पाड माणसाचा व्हिडिओ जगभर फिरला. त्यात तो गिटारीच्या मानेवरून हात पलीकडे टाकून तारा दाबतो आणि लाकडावर थापा मारतो. भाच्यासाठी गिटार तिथून सुरू होते. मला एकदा बघायला गंमत वाटली, पण तबला हवा असेल तर आपल्याकडे तबला आहे. 2012 मध्ये त्या कॅनडाच्या पाच जणांनी एकाच गिटारीला चिकटून एक गाणं वाजवलं, ते मात्र मी सगळ्यांना पाठवलं होतं. त्यात कडेला उभा असलेला दाढीवाला बहुतेक वेळ काहीच करत नाही, आणि चेहरा मात्र असा की सगळा डोलारा त्याच्याच खांद्यावर आहे. असे लोक आमच्या ऑफिसातही आहेत.

खरं ऐकवणं शेजारी बसून. आमच्या कॉलेजच्या दिवसांत इअरफोनची वायर दोघींत वाटून घ्यायचो. आता वायर गेली, तरी एक बोंडूक ओढणीला पुसून दुसरीच्या कानात देता येतं. भाचा घरी आला की मी त्याला असंच पकडते. गाणं सुरू झालं की फोनकडे माझं लक्ष नसतंच, ते मला पाठ असतं. मी त्याचा चेहरा बघते. बाराव्या पडद्याशी तारेला बोट नुसतं टेकवून तो बारीक, काचेचा सूर काढतात ना, तो यायच्या आधीच मी त्याला कोपराने ढोसते. 'आता येतंय, ऐक!'

'मावशी, तू माझ्याकडे काय पाहून राहिली? फोनकडे पाह न.'

'तू ऐक रे.'

'ऐकूनच राहिलो. तूच बोलून राहिली.'

म्हणणं बरोबर आहे त्याचं. माझ्या आवाजात तो सूर निघून गेलेला असतो, मग मी व्हिडिओ मागे घेते, आणि दुसऱ्या वेळेला चेहऱ्यावर जे यायला हवं ते येत नाही. येतो तो समजूतदारपणा. ऐंशीच्या घरातली आमची आई या बाबतीत बरी. तिला ऐकवलं तेव्हा तिने डोळे मिटून संपूर्ण ऐकलं आणि म्हणाली, 'छान वाजवतो. पण ती बाई कुठे गेली गाणारी?' मी म्हटलं, 'डोक्यात म्हणायचं.' ती म्हणाली, 'मग डोक्यातच वाजवायचं होतं त्याने.'

भाच्याकडूनही मला व्हिडिओ येतात, रात्री-बेरात्री, बडवणारे. कूलरच्या घरघरीत खालच्या तारा ऐकूच येत नाहीत, म्हणून मी कूलर बंद करून, घाम पुसत, ते शेवटपर्यंत ऐकते. मग नुसता अंगठा पाठवते. एवढं मन लावून ऐकते हे त्याला कळलं, तर दिवसाला दहा पाठवेल तो.