बहावा वरून खाली फुलतो

माझा पहिला ललित लेख परत आला, तेव्हा संपादकांनी एकच ओळ लिहिली होती: ‘झाड कुठलं ते कळलं नाही.’ लेख आमच्या इंदूरच्या घरासमोरच्या झाडावर होता. सोनं, झुंबरं, हळदीची नवरी, सगळं होतं त्यात. नाव तेवढं नव्हतं. मला ते ‘अमलतास’ म्हणूनच माहीत. घरात आम्ही मराठी बोलतो, पण झाडं रस्त्यावर भेटतात, म्हणून त्यांची नावं हिंदीतच तोंडी बसतात.

त्याच सुमारास दुर्गा भागवतांविषयी वाचत होते. जन्म इंदूरचा, १९१० सालचा, म्हणून आधीपासूनच आपल्या वाटायच्या. पण मला थांबवलं ते सुरणाने. मध्य भारतात आदिवासींमध्ये संशोधन करताना विषारी सुरण खाण्यात आला आणि रानात हिंडणाऱ्या दुर्गाबाईंना कित्येक वर्षं आजारपणात काढावी लागली. पुढे १९५६ साली ‘ऋतुचक्र’ आलं, मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिलेलं. मी ते आधीही वाचलं होतं, भाषेसाठी. या वेळी वाचताना जाणवलं, या बाईंनी आधी किती पाहिलंय, किती जणांना विचारलंय!

मी लेख फाडला नाही, बाजूला ठेवला. आजीला गॅलरीत आणून विचारलं. “अगं, बहावा तो! शेंगेतला मगज पोट साफ व्हायला देत आमच्याकडे.” एवढ्या वर्षांत मी तिला विचारलंच नव्हतं.

मग वही घातली. महिने मराठी, रोज दोन ओळी, उपमा एकही नाही. पहिले पंधरा दिवस फार जड गेले. ‘आज काही नाही’ हेच किती वेळा लिहिलं! वैशाखात मात्र दिसलं की घोस वरून खाली फुलत येतो. वरची फुलं गळायला लागतात, तरी टोकाला हिरव्या कळ्या मिटलेल्याच. आणि त्या पिवळ्यात गेल्या वर्षीच्या काळ्या शेंगा तशाच लोंबत असतात. माझ्या लेखात शेंग नव्हतीच. काळी म्हणून मी ती गाळली होती.

दुसरा लेख त्या शेंगेपासून सुरू केला. तो अजून पाठवलेला नाही. सध्या कार्तिक चालू आहे, यंदाच्या शेंगा हिरव्याच्या तपकिरी होताहेत. त्या पुऱ्या काळ्या झालेल्या मला बघायच्या आहेत.