डबा खाल्ला का?

आपल्या शाळेच्या स्टाफरूममध्ये खिडकीजवळच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा. आत कापूस, टिंक्चर आयोडीन, दोन-तीन पट्ट्या आणि गोळ्यांची पाकिटं. हा डबा आमच्या गणिताच्या बाईंच्या ताब्यात होता. मी १९९६ च्या दहावीची. आमच्या वर्गातली जवळपास प्रत्येक मुलगी कधी ना कधी पोट धरून त्या कपाटासमोर उभी राहिली असेल. बाई आधी विचारायच्या, "डबा खाल्ला का?" मग, "घरून निघताना काही गोळी घेतली होतीस का?" आणि मग, "कुठल्या गोळीनं कधी अंगावर पित्त उठलं, दम लागला?" तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय गोळी हातावर पडत नसे. जेवण झालं नसेल तर तिथेच बाकावर बसवून चार घास खायला लावायच्या. मग एका वहीत तारीख, नाव, गोळी आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ.

पोटात कळा येत असताना ही चौकशी आम्हाला छळ वाटायची. पुढे नर्सिंगला गेले, तिथे औषध देण्याआधी काय काय तपासायचं ते शिकवलं, तेव्हा कळलं की त्यातलं बरंचसं मी आधीच पाहिलेलं आहे. आज वीस-बावीस वर्षं नागपुरातच वॉर्डात काम करते आहे. मॉर्फिनच्या जातीची, खूप दुखण्यावरची जालीम औषधं आमच्याकडे कुलपात असतात, त्यांचं रजिस्टर असतं, प्रत्येक डोसचा हिशेब असतो. त्यांना सगळेच जपून हाताळतात. मला काळजी असते ती दुसऱ्या ट्रेची, साध्या ताप-दुखण्यावरच्या औषधांची. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक. पानठेल्यावर मिळावी इतकी ओळखीची झालेली ही औषधं, म्हणूनच ती देताना कोणी थांबत नाही.

बाईंनी त्रैराशिक घोटून घेतलं होतं, ते मला रोज लागतं. शिरेतून द्यायच्या पॅरासिटामॉलच्या १०० मिलीच्या बाटलीत १ ग्रॅम औषध असतं. पन्नास किलो किंवा त्याहून जास्त वजनाच्या माणसाला पूर्ण बाटली चालते, पंधरा मिनिटांत सोडायची. पण आपल्याकडे रोजमजुरीला जाणाऱ्या कितीतरी बाया चाळिशीच्या आत भरतात, म्हणजे किलोंनी. ३८ किलोच्या बाईला किलोमागे १५ मिलिग्रॅमप्रमाणे ५७० मिलिग्रॅम बसतं, म्हणजे ५७ मिली. बाटली लावून सिस्टर पुढच्या खाटेकडे गेली की उरलेले ४३ मिलीही आत जातात, आणि दिवसातून चार वेळा जातात. म्हणून माझ्या वॉर्डात वजनकाटा दाराशी ठेवलेला आहे. केस पेपरवर वजन नसेल तर मी आधी काटा आणवते.

लहान मुलांच्या बाबतीत तर घरोघरी हा घोळ असतो. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅमचं मिळतं आणि २५० चंही मिळतं. थेंबांच्या बाटलीत १ मिलीमध्येच १०० असतं. बारा किलोच्या लेकराला एका वेळी १८० मिलिग्रॅम द्यायचं, तर पहिल्या बाटलीतलं सव्वासात मिलीच्या आत, दुसरीतलं साडेतीन मिलीच्या जरासं वर आणि थेंबांचं दोन मिलीलाही कमी. आई म्हणते, "मागच्या खेपेला सात मिली दिलं होतं, तेवढंच दिलं." तिचं माप बरोबर असतं, बाटली बदललेली असते. मी तिच्यासमोर बाटलीवरचा आकडा पेनानं गोल करते आणि मापाच्या टोपणावर पट्टीची रेघ चिकटवून देते. घरच्या चमच्यानं औषध देऊ नका, हे दरवेळी सांगते.

मोठ्या माणसांनाही पॅरासिटामॉलची दिवसाला ४ ग्रॅम ही वरची हद्द आहे. अंगानं बारीक असलेल्याला, रोज दारू घेणाऱ्याला, यकृताचा आजार असलेल्याला त्याहून बरंच कमी. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं, अंगदुखीच्या गोळीतही असतं, आणि ताप आला म्हणून वरून वेगळं घेतलं जातं. जास्त झालं तर पहिल्या दिवशी फक्त मळमळतं, माणूस चालता-बोलता असतो. यकृताचं दुखणं दोन-तीन दिवसांनी वर येतं. यावर एन-अॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून "आता तर बरं वाटतंय" यावर विसंबून कोणाला घरी बसू देऊ नये.

मला एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. नोकरीचं चौथं वर्ष. मे महिना, नवतपा लागलेला, वॉर्डातले कूलर गरम वारा फेकत होते. सत्तरीचे एक आजोबा मांडीचं हाड मोडून आले होते, ऑपरेशन व्हायचं होतं. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन सकाळ-संध्याकाळ लिहिलेलं होतं, मी दोन दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी लघवीची पिशवी उचलली तर रात्रभरात जेमतेम १५० मिली, काळ्या चहाच्या रंगाची. उशी सरकवली, खाली गोळ्यांचं पाकीट. त्यातही डायक्लोफेनॅकच. सून म्हणाली, "बाबाचे गुडघे लय दुखते ना सिस्टर, म्हून रोज दोन देत होती." शिवाय बीपीची गोळी आणि लघवी साफ होण्याची गोळी चालूच होती. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळायला शरीर जी द्रव्यं बनवतं, ती बनणं डायक्लोफेनॅकसारखी औषधं थांबवतात. त्यात या दोन गोळ्यांची भर. डॉक्टरांना तेव्हाच बोलावलं, इंजेक्शन बंद झालं, सलाईन लागलं. रक्तातलं वाढलेलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट चालत नसल्याची खूण, उतरायला सहा दिवस लागले, ऑपरेशन तेवढं लांबलं. त्या सुनेला कोणी विचारलंच नव्हतं. विचारणं माझं काम होतं. बाईंचा दुसरा प्रश्न मी विसरले होते.

मला भेटणाऱ्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींना मी गिधाडांची गोष्ट सांगते. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेली, ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि देशातली बहुतेक गिधाडं संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. मुली हे ऐकतात आणि मग उन्हाळ्यात सुई भरण्याआधी आपणहून लघवीचा तक्ता बघतात.

उन्हाळ्याचंच आणखी एक. ऊन लागून अंग भट्टीसारखं तापलेल्या माणसाला पॅरासिटामॉल देत वेळ घालवू नका. तो ताप या गोळीनं उतरत नाही. कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि दवाखाना गाठा. आणि पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या दिवसांत ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉलच, तेही मापात. आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. दमा असलेल्या काहींना याच औषधांनी धाप लागते. बाईंचा तिसरा प्रश्न तोच होता.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. हिवाळ्यात, कवायतीच्या तासाला, तिचे हातपाय दुखायला लागायचे. आम्ही म्हणायचो, नाटकं करते. बाईंनी एकदाही तसं म्हटलं नाही. तिला उन्हात खुर्ची टाकून द्यायच्या, पाण्याची बाटली भरून द्यायच्या आणि अर्ध्या तासानं येऊन विचारायच्या, "आता किती आहे?" तिला सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार होता, हे आम्हाला कित्येक वर्षांनी कळलं. विदर्भात हा आजार किती घरांत आहे ते आता वॉर्डात रोज दिसतं. त्या वेदनेत रडून रडून थकलेलं पोर कधी कधी शांत पडून राहतं, आणि नवीन सिस्टरला वाटतं, दुखायचं थांबलं. किती दुखतंय, त्याचा आम्ही शून्य ते दहा आकडा विचारतो. पेशंट जो सांगेल तोच आकडा लिहायचा, आपल्याला वाटतो तो नाही. गोळी दिल्यावर तासाभरानं आणि शिरेतून दिल्यावर अर्ध्या तासानं परत विचारायचं, परत लिहायचं. गोळीनं भागत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगायचं, गोळ्या वाढवत बसायचं नाही. त्या मैत्रिणीची मी नंतर माफी मागितली. ती म्हणाली, "बाई विचारायच्या ना, म्हणून मी शाळेत यायची."

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानंतरच्या शनिवारी, दुपारच्या सुट्टीनंतर, नववी-दहावीच्या मुलींशी बोलायला मी शाळेत येणार आहे. मुख्याध्यापकांनी विज्ञानाची खोली द्यायचं कबूल केलं आहे. वजनकाटा मी आणीन. मुलींनी येताना घरात असतील ती गोळ्यांची पाकिटं आणि सिरपच्या बाटल्या घेऊन याव्यात. रिकाम्या असल्या तरी चालतील, फक्त वरची अक्षरं वाचता आली पाहिजेत.